ऐकायला माणूस

त्या वर्षी ऊन तीन आठवडे आधीच आलं आणि मेंढ्या लोकरीत उकडायला लागल्या. कुंपणाच्या सावलीला तोंडं उघडी टाकून, एकमेकींच्या अंगात डोकी खुपसून त्या उभ्या राहायच्या. मेंढपाळानं निरोप धाडला की कातरणारे असतील तेवढे या, चार दिवसांत कळप मोकळा झाला पाहिजे. पाच जण गेले. त्यात लांबण्या होता.

लांबण्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पाय कसा मुरगळला एवढं विचारलं तरी तो आजोबांच्या लग्नापासून सुरुवात करायचा, म्हणून लहानपणीच त्याला ते चिकटलं होतं. हात मात्र जिभेच्या अगदी उलट. ऐन उमेदीत तो मेंढी मांडीत घ्यायचा आणि बघता बघता अंगावरची लोकर अंगरख्यासारखी सबंध उतरवायचा. मेंढी उठून अशी चालायला लागायची, जशी काही तिला भर उन्हात कुणी वारा घातला. पण ते दिवस मागे पडले होते. गेली सहा-सात वर्षं सकाळी पोटात थोडी गेल्याशिवाय त्याच्या हाताचा कंप थांबत नसे, आणि थोडी गेली की गडी थोडीवर थांबत नसे.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक म्हातारी मेंढी त्याच्या वाट्याला आली. सकाळची उतरत आली होती. त्यानं मेंढीला ढुंगणावर बसवलं, गुडघ्यांत धरलं, मान झाली, पोट झालं. कुशीकडे कातर वळवली आणि हातानं एकदम झटका खाल्ला. वीतभर कातडी उसवली. मेंढी ओरडली तशी बाकीच्या चौघांच्या कातरी थांबल्या.

मेंढपाळ आला. तो मोठा शांत माणूस होता. त्यानं लांबण्याच्या हातातून कातर काढून घेतली, बाहीला पुसली आणि शेजारच्याकडे दिली. मग घरातून सुईदोरा मागवला. लांबण्या मेंढीचे पाय धरायला खाली वाकला, तर तो म्हणाला, “तू नको. तू हात लावू नकोस.”

सात टाके पडले. लांबण्या दगडी बांधावर बसून राहिला. त्याला कुणी हाकललं नाही, कुणी बोलावलंही नाही. पुढ्यातून मेंढ्या जात होत्या, येत होत्या, आणि लोकरीचे ढीग वाढत होते. तासाभरानं तो उठला आणि सरळ गुत्त्यावर गेला.

गुत्त्यावर त्याची किंमत वेगळी होती. तिथे त्याला बसायला जागा करून द्यायचे. एक पेला, एक गोष्ट, असा हिशेब वर्षानुवर्षं चालत आलेला. त्या संध्याकाळी त्यानं मेंढीची गोष्ट सांगितली. मेंढी कशी ओरडली ते करून दाखवलं, मेंढपाळ सुईत दोरा ओवताना कसा डोळे बारीक करत होता ते दाखवलं, टाका पडताना मेंढी कशी उडाली तेही दाखवलं. लोक हसून हसून बाकावरून घसरले. हसू ओसरल्यावर त्याला दिसलं, की दारात आपली लेक उभी आहे. अकरा वर्षांची पोर. आईनं जेवायला बोलवायला पाठवलेली. ती पहिल्यापासून ऐकत होती.

घरी जाताना त्याची पिशवी तिनं घेतली. अर्ध्या वाटेवर विचारलं, “बाबा, ती मेंढी खरंच तशी ओरडत होती? तुम्ही दाखवलं तशी?”

तो हो म्हणाला.

“मग ते सगळे हसत का होते?”

ज्याला कधी शब्द कमी पडला नाही, त्या माणसाला घर येईपर्यंत उत्तर सापडलं नाही.

सकाळी बायको अंगणात कपडे पिळत होती. त्यानं तिला सांगितलं की आता बंद. तिनं हे याआधी पाच वेळा ऐकलं होतं. हातातली चादर तिनं पिळून झटकली, दोरीवर टाकली, चिमटे लावले. मग म्हणाली की बंद करायच्या आधी नर्सबाईंना दाखवून या. मागच्या वेळी आपल्या मनानं सोडली होती, तर तिसऱ्या दिवशी उंबऱ्यात झटके आले होते. “मला एकटीला तुम्ही धरवत नाही,” एवढं बोलून ती पुढचा कपडा उचलायला वाकली.

नर्सबाई दवाखान्यातून सकाळ-संध्याकाळ सायकलवर यायच्या. गोळ्या आपल्या हातानं द्यायच्या, नाडी बघायच्या, जीभ बघायच्या. एकदम सोडणं म्हणजे भरल्या गाडीचा ब्रेक उतारावर दाबणं, असं त्यांनी बायकोला समजावून सांगितलं. ते दिवस वाईट गेले. घामानं अंथरूण भिजायचं. कातडीखाली मुंग्या चालल्यासारखं व्हायचं, समोरची भिंत हलायला लागायची. चहाचा कप ओठाला लावला की दात कपावर वाजायचे, म्हणून बायको एका हातानं त्याची हनुवटी धरायची आणि दुसऱ्या हातानं कप. लेक पलीकडच्या खोलीत भूगोलाचं पुस्तक मोठ्यानं वाचायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. पण नद्या आणि त्यांच्या उपनद्या ऐकत पडलं की भिंत जागेवर राहते, हे त्याला कळलं, आणि धडा संपला की तो आतून म्हणायचा, “परत वाच.”

पंधरा दिवसांनी तो उभा राहिला. आता कामाचा प्रश्न आला. मेंढपाळाकडे जायचं तोंड नव्हतं, आणि एकाकडे झालं म्हणजे सगळ्यांकडे झालं. गावात लोकरीची एक लांबट शेड होती, वर पत्रा, खाली गुळगुळीत झालेली फरशी. तिथे बायका लोकर निवडायच्या. त्याची बायकोही तिथेच होती. तिनं मुकादमीणबाईंना विचारलं. मुकादमीणबाई साठीच्या, अंगानं आडव्या, आवाज असा की पत्रा थरथरावा. त्या म्हणाल्या, आपल्याला निवडलेली लोकर हवी, ती दाढीवाल्यानं निवडली काय आणि वेणीवालीनं निवडली काय.

तर लांबण्या चौदा बायकांच्या रांगेत जाऊन बसला. जो ढीग पाडायचा, तो आता दुसऱ्यांनी पाडलेल्या ढिगातून कुसळं आणि गोखरू वेचायला लागला. शेडमागच्या वाटेनं कातरणारे जायचे, तेव्हा तो मान खाली घालायचा. मान खाली असली तरी हात सगळं ओळखत होते. लोकरीची कड बघून ती कुणी कातरली हे त्याला कळायचं. हा घाई करतो, याची कातर बोथट आहे, हा मेंढीला घाबरतो. तो कुणाला बोलला नाही. शेडमध्ये तो बोलतच नसे. बायकांना वाटलं होतं की आता रोज करमणूक होईल, पण हा दगड. त्यांतली एक चष्मेवाली एकदा त्याच्या बायकोला म्हणाली, तुझ्या नवऱ्याची दारू सुटली की जीभ?

दिवसभर निभायचं. अवघड वेळ एकच होती. उन्हं कलून शेडच्या दारातून आत यायची, फरशीवर तिरपा पट्टा पडायचा, आणि गुत्त्याकडच्या अंगाला माणसांची वर्दळ सुरू व्हायची. त्या सुमाराला त्याला प्यायची तलफ यायची. हात लोकरीत असायचे आणि बोटांना लोकर कळायची नाही. तो उठायचा, दारापर्यंत जायचा, चौकटीला धरून उभा राहायचा, परत यायचा. पुन्हा उठायचा. त्याची बायको मान वर करत नसे, पण तिचे हात त्या वेळी थांबलेले असायचे.

शेडच्या टोकाला विणकर आजोबांचा माग होता. आजोबा सत्तरीच्या पुढचे, एका कानानं ऐकायचे. त्यांनी चार दिवस हे उठणं-बसणं पाहिलं आणि पाचव्या दिवशी मागाचा धोटा हातात तसाच धरून शेजारी येऊन उभे राहिले. ते म्हणाले की ही तलफ म्हणजे आगंतुक पाहुणा आहे. हाकललास तर दार धडकावील, बस म्हणालास तर मुक्काम करील. तिच्याकडे लक्ष न देता दुसऱ्याशी बोलत राहावं. अर्ध्या-पाऊण तासात कंटाळून निघून जाते. लांबण्यानं विचारलं, तुम्हाला काय माहीत? आजोबा म्हणाले, “मला नाही तर कुणाला? मी तिला बावीस वर्षं पोसलीय.” गावात निम्म्या लोकांना ते ठाऊक नव्हतं.

मुकादमीणबाईंनी तिथल्या तिथे फर्मान काढलं. उन्हाचा पट्टा फरशीवर आला की लांबण्यानं गोष्ट सांगायची. शेड बंद होईपर्यंत. हात चालू ठेवून.

पहिल्या दिवशीची गोष्ट पडली. गुत्त्यावर जी गोष्ट घोड्यासारखी धावायची, ती इथे चिखलात बसलेल्या म्हशीसारखी जागची हलेना. तोंड कोरडं पडलं, मधला दुवा हरवला, हसायच्या जागी कुणी हसलं नाही. पेल्याशिवाय आपल्याला गोष्ट येत नाही, हे त्याला त्या दिवशी कळलं, आणि ते मेंढीच्या जखमेपेक्षाही जास्त झोंबलं.  कुणीतरी जांभई दिली.

तेवढ्यात त्याची बायको खाली बघूनच म्हणाली, “ते असं नव्हतं. आधी नावाडी भांडतो. मग होडी उलटते.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं.

“अर्ध्या रात्री येऊन तुम्ही मलाच सांगायचा ना सगळं,” ती म्हणाली. “मला पाठ आहेत.”

बायका हसल्या. त्याला आधी नावाडी आठवला, मग होडी. ती गोष्ट त्यानं कशीबशी काठाला लावली. आणि मान वर केली तर फरशीवरचा पट्टा गेलेला होता.

तेव्हापासून ते रोजचं झालं. तो अडखळला की ती पुढचा शब्द टाकायची, चेहऱ्यावर काही न दाखवता, भाजीत मीठ टाकावं तसा. हळूहळू तिला टाकायची वेळ कमी येऊ लागली. आणि मग तो नवीन गोष्टी रचायला लागला, ज्या तिलाही पाठ नव्हत्या. त्यातली एक गाढवाची होती. एका चोरानं गाढव चोरलं. पण गाढवाला घरचाच रस्ता ठाऊक. चोर रोज कुठे ना कुठे चोरी करायचा, माल गाढवावर लादायचा, आणि गाढव इमानदारीनं तो सगळा माल आपल्या मूळ मालकाच्या दारात नेऊन उभं राहायचं. ही गोष्ट सहा दिवस चालली होती. निवडायच्या लोकरीची पोती एरवीपेक्षा लवकर रिकामी होत होती आणि मुकादमीणबाई खूश होत्या.

सातव्या दिवशी जनावरांचा बाजार होता. सुतळी आणायला तो गेला, तिथे गुत्त्यावरचे दोघे जुने सोबती भेटले. ती वाईट माणसं नव्हती. त्याच्यावाचून त्यांना खरंच करमत नव्हतं. पिऊ नकोस, म्हणाले, नुसता बस, एक गोष्ट सांग आणि जा. तो बसला. गोष्ट अशी रंगली, की अनोळखी माणसंही येऊन उभी राहिली. शेवट झाला, लोक हसले, आणि इतकी वर्षं व्हायचं तसंच झालं. पेला समोर आला. हात गेला. त्यानं नंतर सांगितलं की हात गेला तेव्हा मी तिथे नव्हतोच, मी अजून गोष्टीत होतो.

लेकीनं आणि बायकोनं त्याला मिळून घरी आणलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी नर्सबाई येऊन बघून गेल्या, त्यानं तोंडावरचं पांघरूण काढलं नाही. बायको कामाला गेली नाही. स्वयंपाकघरात भांडी घासलेलीच पुन्हा घासत बसली. दुपार टळली आणि अंगणात पावलं वाजली. मुकादमीणबाई पुढे, मागे बायका, दोघी-दोघींत एक पोतं. विणकर आजोबा आपली तिपाई काखेत मारून. मुकादमीणबाई दारातूनच म्हणाल्या की शेडमध्ये आज अंधारून येतंय, तुमच्या अंगणात उजेड बरा आहे, आम्ही इथेच बसतो. बाहेर लख्ख ऊन होतं.  लांबण्याच्या बायकोनं सतरंज्या आणून टाकल्या.

कुणी त्याची चौकशी केली नाही. लोकर निवडायला सुरुवात झाली. उन्हं कलली तशी चष्मेवाली म्हणाली की गोष्ट अर्धी राहिली म्हणून मला झोप नाही, चोर गाढवावर बसून नदीच्या उतारावर उभा आहे, त्याचं पुढे काय? दुसरी म्हणाली, काय होणार, घोडा पाण्यात शिरला. घोडा नाही, गाढव. बरं गाढव. गाढव पाण्यात शिरलं आणि चोर वाहून गेला. मेला. गाढव घरी गेलं. संपली गोष्ट.

आत पांघरूण हललं.

तिसरी म्हणाली की नाही, चोराला मगरीनं धरलं. चौथीनं मगरीला राजकन्या केलं. आजोबांना नीट ऐकू आलं नव्हतं, ते म्हणाले की राजकन्येचं लग्न गाढवाशी होऊन चालायचं नाही. अंगणात खसखस पिकली.

“चोर मरत नाही,” आतून आवाज आला. बसलेला, खरखरीत.

 लोकर निवडणारे हात कुणी थांबवले नाहीत.

“आणि मगर नाही त्या नदीत. गुडघाभर पाणी आहे.”

मुकादमीणबाई म्हणाल्या की आम्हाला आतलं नीट ऐकू येत नाही.  तो बाहेर आला, चेहरा सुजलेला, अंगात कालचेच कपडे. खांबाशी बसला. त्याच्या बायकोनं पुढ्यातली निम्मी लोकर उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. त्यानं एक गोखरू काढलं, मग दुसरं, आणि मग चोर नदीपार कसा झाला ते सांगितलं.

गोष्ट झाल्यावर आजोबा बोलायला लागले. कुणी सांगायला लावलं नव्हतं. त्यांनी बावीस वर्षांतला एकच दिवस सांगितला. थोरल्या मुलीच्या लग्नासाठी बायकोनं विणून ठेवलेली शाल त्यांनी कशी नेऊन एका बाटलीवर दिली, आणि तीच शाल दुसऱ्या बाईच्या अंगावर बघून बायको बाजारात कशी नुसती उभी राहिली. ती भांडली नाही. तिनं त्या बाईला विचारलं, ऊबदार आहे ना? आजोबा हे सांगून थांबले. धोट्यासारखी त्यांची बोटं मांडीवर इकडून तिकडे फिरत होती. मुकादमीणबाईंनी पदरानं नाक पुसलं आणि एक नवा नियम घातला. दुसऱ्याची फजिती सांगायला जग पडलंय. इथे जो सांगेल त्यानं आपली सांगायची.

मग बायकाही सांगायला लागल्या. एकीनं सासूची पत्रं चोरून वाचल्याचं सांगितलं. चष्मेवालीनं सांगितलं की तिच्या भावाला दारूनंच नेलं, आणि त्या वर्षी तिनं त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. तिनं ते फार थोड्या शब्दांत सांगितलं. त्या संध्याकाळी कुणी दुसरी गोष्ट सुरू केली नाही.

लांबण्या पुन्हा बाजारात गेला तेव्हा एकटा गेला नाही. आजोबा बरोबर जायचे, त्यांना काही घ्यायचं नसलं तरी. दोघं सुतळी घ्यायचे, एकेक चहा प्यायचे आणि परत यायचे. आजोबांच्या ऐकू न येणाऱ्या कानाकडून लोक लांबण्याला हाका मारायचे, आणि आजोबा त्याला दुसऱ्या बाजूनं ओढत न्यायचे.

पावसाळा सरत आला तेव्हा मेंढपाळ लोकर घालायला स्वतः शेडमध्ये आला. उन्हाचा पट्टा फरशीवर यायचीच वेळ होती. मुकादमीणबाईंनी त्याला बसवून घेतलं. लांबण्याचा चेहरा उतरला. त्याची लेक शाळेतून परस्पर तिथे आली होती, आईला टेकून बसली होती. तो बराच वेळ लोकर निवडत राहिला. मग त्यानं सांगायला सुरुवात केली, आणि या खेपेला स्वतःच्या आजोबांच्या लग्नापासून नाही.

त्यानं सांगितलं की एक म्हातारी मेंढी होती आणि ती माझ्या गुडघ्यांत विश्वासानं बसली होती. माझा हात हलणार हे मला सकाळपासून माहीत होतं. मी ते कुणाला सांगितलं नाही. कातडी फाटली, सात टाके पडले, आणि ती ओरडली. ती कशी ओरडली ते त्यानं करून दाखवलं नाही. मग त्यानं गुत्त्यावरची संध्याकाळही सांगितली, पेला समोर आला तो सांगितला, दारातली पोर सांगितली. लेक फरशीकडे बघत होती. शेवटी तो म्हणाला की पोरीनं मला वाटेत एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर मला आता येतं. ते हसत होते कारण मी हसायला लावत होतो. मेंढीला काही हसू येत नव्हतं.

शेडमध्ये फक्त मागाची खटखट होती. आजोबांना कळलंच नव्हतं की गोष्ट संपली.

मेंढपाळ उठला, टोपी झटकली. “एक चुकलं,” तो म्हणाला. “टाके सात नव्हते. आठ होते.” दारापर्यंत गेला आणि न वळता म्हणाला, “हिवाळ्याआधी थोड्या कातरायच्या आहेत. तुझ्यापुरत्या तीन ठेवतो. तीन जमल्या तर बघू.”

तीन जमल्या. पहिल्या मेंढीला त्यानं तासभर लावला, घाम डोळ्यांत जात होता, आणि मेंढपाळ कुंपणावर हात टेकून उभाच होता. तिसरीची लोकर सबंध निघाली. दुसऱ्या दिवशी पाच मिळाल्या, मग आठ. पाठ मोडून आली, मनगट सुजलं, बायकोनं रात्री गरम पाण्यात मीठ घालून शेकलं. मेंढ्या संपल्या की दुपारनंतर मात्र तो शेडवर यायचाच. आता तिथे गुत्त्यावरच्या त्या दोन सोबत्यांतला एक जणही कधीकधी दाराशी येऊन बसायचा. त्याला कुणी काही विचारत नसे. मुकादमीणबाई पुढ्यात लोकर टाकायच्या.

थंडी पडली. शेडमध्ये शेगडी आली, लेक शाळेतून येऊन तिच्यापाशी बसू लागली. एका संध्याकाळी सांगायला कुणी पुढे होईना. आणि लांबण्याची बायको म्हणाली, “मी सांगते.”

तिनं आजवर कधी स्वतःची गोष्ट सांगितली नव्हती. नवऱ्याच्या गोष्टींत शब्द टाकणारी, आपली झाकून ठेवणारी. तिनं लोकर खाली ठेवली नाही. ती म्हणाली की एका बाईनं चार वर्षांपूर्वी घर सोडलं. पिशवी भरली, लेकीला मैत्रिणीकडे ठेवलं, संध्याकाळी घेऊन जाते म्हणाली, आणि भर पावसात बहिणीच्या गावाची बस पकडली. बसमध्ये शेजारी एक जाडी बाई होती, ती सगळ्या वाटेनं शेंगदाणे खात होती आणि विचारत होती, माहेरी का? बाई म्हणाली, हो. किती दिवस? बाई म्हणाली, बघू. दोन थांबे गेले. तिकीट नीट ठेवायला बाईनं पिशवीत हात घातला तर हाताला घराची किल्ली लागली. एकुलती एक किल्ली. कुलूप लावून ती निघाली होती आणि नवरा बाहेर होता.

“आता मी म्हणाले, बसू दे दारात,” ती म्हणाली. “बसू दे ना. मेला भिजला तर भिजू दे. तिसरा थांबा आला. जाडीनं मला शेंगदाणे दिले. मी ते खाल्ले. आणि उतरले. परत तीन थांबे चालत आले, एवढी पिशवी घेऊन. तर हे दारात बसलेले. भिंतीला डोकं टेकून. मला बघितलं आणि म्हणाले, बाजारात गर्दी होती वाटतं.”

बायका हसल्या. चष्मेवालीनं विचारलं, मग तू काय म्हणालीस? ती म्हणाली, काय म्हणणार, हो म्हणाले, खूप गर्दी होती. आणि हसता हसता तिचे डोळे भरले. तिनं ते पुसले नाहीत, हात लोकरीत होते.

लांबण्याच्या मांडीवर एकच झुपका होता. तो किती वेळ तोच निवडत होता कुणास ठाऊक, त्यात काढायला काही उरलं नव्हतं.

“मला हे कधी सांगितलं नाहीस,” तो म्हणाला.

“सांगून करायचं काय? ऐकायला माणूस समोर लागतो,” ती म्हणाली. “आता आहे.”

 तो उठला, माठातलं पाणी घेऊन आला आणि तिच्या हाताशी पेला धरला. बोलून तिचा घसा बसला होता. ती सगळं प्यायली.

शेड बंद झाल्यावर तिघं घराकडे निघाली. लेक पुढे दगडाला ठोकर मारत चालली होती. बायकोनं विचारलं की कशी झाली गोष्ट? खरं सांगा, उगाच बरं वाटावं म्हणून नको. तो दहा पावलं विचार करत चालला. मग म्हणाला की चांगलीच झाली. जाडी बाई तर फारच झकास. “फक्त किल्ली जरा लवकर काढलीस. ती परतल्यावर दारात काढायची. तोवर ऐकणाऱ्याला कळायलाच नको, की बाई का उतरली.”

“माझी गोष्ट आहे,” ती म्हणाली. “किल्ली कुठे काढायची ते मी ठरवीन.”

पुढे चाललेली लेक मागे न बघता म्हणाली, “आईचं बरोबर आहे.”

तो हरला. दोघींच्या मागून, हातातली डब्यांची पिशवी हलवत, तो मुकाट्यानं चालत राहिला.